हवापालट: दिवाळीनंतरचे कोकण आणि साठीनंतरची तब्येत

दिवाळी संपली, भाऊबीजेला आलेल्या लेकी सासरी गेल्या, नातवंडांच्या शाळा सुरू झाल्या की घर एकदम रिकामे वाटू लागते. अशा वेळी पुष्कळशा ज्येष्ठ जोडप्यांच्या मनात येते, की आता आपणही चार दिवस कुठे तरी जाऊन यावे. देशावरच्या माणसाला समुद्राची ओढ असतेच. त्यातून हे दिवस कोकणात गर्दीचे नसतात. खोल्या रिकाम्या असतात, भाडे कमी असते, डोंगर अजून हिरवे असतात. विचार उत्तमच आहे. परंतु मुले म्हणतात, "या वयात कशाला? तिकडे काही झाले तर?" आणि बेत तिथेच राहतो.

मुलांची भीती अगदीच खोटी नसते. मात्र ती चुकीच्या जागी असते. त्यांना समुद्राची भीती वाटते. माझ्या अनुभवाने धोका समुद्रापेक्षा प्रवासाच्या पिशवीत जास्त असतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे नियमित येणारे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी गुहागरला गेले. गुरुजींचे हृदय थोडे दुबळे, त्यामुळे रोज सकाळी लघवी होण्याची गोळी, म्हणजे आपण जिला 'पाण्याची गोळी' म्हणतो ती, चालू होती. एस.टी.चा प्रवास पाच तासांचा, वाटेत अडचण नको म्हणून त्यांनी त्या दिवशी गोळी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी देवदर्शनाला जायचे म्हणून घेतली नाही. तिसऱ्या दिवशी फिरायला जायचे होते. शिवाय रोज दोन्ही वेळा मासे, सोलकढी, पापड, लोणचे. तिसऱ्या रात्री त्यांना आडवे होता येईना, इतका दम लागला. भाड्याची गाडी करून रात्री चिपळूण गाठावे लागले. वेळेवर उपचार मिळाले म्हणून बरे झाले. परत आल्यावर मला म्हणाले, "डॉक्टर, समुद्राच्या पाण्यात मी घोट्यापर्यंतसुद्धा गेलो नव्हतो हो!"

या घटनेत सगळे सार आहे. सहलीत माणसाला त्रास होतो तो मुख्यतः दिनक्रम मोडल्यामुळे. गोळी चुकते, पाणी कमी पडते, जेवणाची वेळ टळते, झोप होत नाही. घाईगर्दीच्या सहलीत हे टाळणे कठीण असते. गर्दी नसलेल्या दिवसांचा खरा फायदा स्वस्त खोली हा नसून, घाई नसते हा आहे. घाई नसली की पथ्य सांभाळता येते. म्हणून सहल आखताना आधी आपला दिनक्रम मांडावा आणि त्यात सहल बसवावी.

कधी जावे?

जुन्या लोकांनी शरद ऋतूला वैद्यांची आई म्हटले आहे, ते उगीच नाही. पाऊस परततो, आकाश मोकळे होते, ऊन तापते आणि आजार वाढतात. साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून कोकणात पाऊस ओसरतो, पण हवेत दमटपणा राहतो. पारा ३३-३४ अंशांवर जातो आणि घाम वाळत नाही. घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. वय झालेल्या माणसाला तहानही कमी जाणवते. म्हणून दसरा ते दिवाळी हा काळ मोकळा असला तरी वृद्धांसाठी तितकासा चांगला नाही. दिवाळीची सुटी तर गर्दीचीच.

चांगला काळ म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेनंतरचा आठवडा. शाळा उघडलेल्या असतात, रात्री जरा गार होऊ लागतात. शनिवार-रविवार टाळून सोमवारी निघावे आणि शुक्रवारी परतावे.

एक इशारा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातील वादळांचेही दिवस असतात. नोव्हेंबर २००९ मधील 'फयान' आणि ऑक्टोबर २०१९ मधील 'क्यार' कोकणवासी विसरलेले नाहीत. निघण्याच्या आधी दोन-तीन दिवस हवामान खात्याचा अंदाज पाहावा. मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा दिला असेल तर आपणही बेत पुढे ढकलावा.

कुठे आणि कसे राहावे?

चार दिवसांत चार गावे करू नयेत. एकच गाव, एकच खोली, हा नियम. रोज सामान बांधण्यात आणि सोडण्यात औषधे विसरतात, कंबर धरते.

उदाहरण म्हणून गुहागरच घेऊ. कराडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि चिपळूण या मार्गाने ते सुमारे दीडशे किलोमीटर आहे. सुरूच्या झाडीला लागून लांबलचक पुळण आहे. व्याडेश्वराचे मंदिर गावातच आहे. चढउतार फारसा करावा लागत नाही. याउलट हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर पायऱ्या उतरून खडकांवरून जावे लागते. गुडघेदुखी असणाऱ्यांनी ती करूच नये, आणि भरतीच्या वेळी तर कोणीच करू नये. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचे तर होडीत चढावे-उतरावे लागते. तोल सांभाळता येत नसेल तर किल्ला किनाऱ्यावरूनच पाहावा.

मोकळ्या दिवसांची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. खोल्या रिकाम्या असतात तशा काही खाणावळीही बंद असतात. म्हणून पैसे भरण्याआधी दूरध्वनी करून पुढील प्रश्न विचारावेत. संकोच करू नये.

१) खोली तळमजल्यावर आहे का? पायऱ्या किती, त्यांना कठडा आहे का?
२) संडास कमोडचा आहे का? न्हाणीघराची फरशी गुळगुळीत तर नाही ना?
३) या दिवसांत स्वयंपाकघर चालू असते का? सकाळी आठला न्याहारी आणि रात्री आठला जेवण मिळेल का? कमी मीठ-तेलाचे करून देतील का?
४) वीज गेली तर पंखा आणि दिवा चालतो का? इन्सुलिन ठेवायला फ्रिज आहे का?
५) जवळचे डॉक्टर किती अंतरावर आहेत? रात्री गाडी मिळते का?

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गुहागरला ग्रामीण रुग्णालय आहे. मोठ्या उपचारासाठी चिपळूणजवळ कामथे येथे उपजिल्हा रुग्णालय आणि सावर्डेजवळ डेरवण येथे मोठे रुग्णालय आहे. पण गुहागर ते चिपळूण हेच सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे तासाभराचा रस्ता आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. तो क्रमांक आणि राहत्या जागेच्या मालकाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून खिशात ठेवावा.

निघण्यापूर्वी

पंधरा दिवस आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, शस्त्रक्रिया झाली असेल, एक जिना चढताना दम लागत असेल, पायाला जखम असेल किंवा साखर आणि रक्तदाब आटोक्यात नसेल, तर त्यांच्या परवानगीशिवाय निघू नये. नवे औषध सुरू केले असेल तर ते मानवते की नाही हे घरीच कळू द्यावे.

घरापासून रोज अर्धा तास सपाट रस्त्यावर चालण्याचा सराव ठेवावा. घरी अर्धा तास चालवत नाही आणि पुळणीवर तासभर चालायचे, हे जमणार नाही.

औषधे जितके दिवस जायचे त्याहून तीन-चार दिवसांची जास्त घ्यावीत. ती निम्मी-निम्मी करून दोन पिशव्यांत ठेवावीत, म्हणजे एक पिशवी हरवली तरी खोळंबा होत नाही. मूळ वेष्टनातच न्यावीत. सुट्या गोळ्या पुडीत बांधल्या की कोणती कशाची ते कळत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीची आणि शेवटच्या ई.सी.जी.ची प्रत बरोबर असावी.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते हातातल्या पिशवीत ठेवावे. गाडीच्या डिकीत किंवा खिडकीच्या उन्हात ते खराब होते. चालू असलेली बाटली किंवा पेन बहुधा चार आठवडे खोलीच्या तपमानात टिकते. पण ३० अंशांपेक्षा जास्त उष्णता त्याला चालत नाही. तोंड रुंद असलेला थर्मास किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा कामाला येतो. बर्फाला थेट टेकवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते, ते वितळवून वापरू नये.

प्रवासात

आता त्या पाण्याच्या गोळीविषयी. नेहमी दिली जाणारी ही गोळी घेतल्यावर तासाभरात लघवी लागू लागते आणि तिचा जोर साधारण सहा तास राहतो. सकाळी सातच्या गाडीने जाणाऱ्याला त्रास होईल हे खरे. पण त्यावर उपाय गोळी बुडवणे हा नव्हे. त्या दिवशी ती मुक्कामी पोचल्यावर दुपारी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. बहुतेकांना ते चालते. दुपारी एकला घेतली तर झोपेपर्यंत तिचा जोर ओसरलेला असतो. मात्र वेळ बदलायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे, आपण नव्हे.

दुसरी सवय स्त्रियांमध्ये फार आढळते. वाटेत सोय नसते म्हणून घरून निघाल्यापासून पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. यामुळे चक्कर येते, लघवीची जळजळ सुरू होते, मूत्रपिंडावर ताण पडतो. घोट घोट पाणी पीत राहावे. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे, म्हणजे पायांवर सूज येत नाही आणि शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. स्वतःची गाडी असेल तर पाटण, कोयनानगर, चिपळूण असे थांबे आधीच ठरवावेत. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवून दिले असेल तर मात्र तेच पाळावे.

एस.टी.ने जाणाऱ्यांना सवलतीही आहेत. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना राज्यात मोफत प्रवास आहे. ६५ ते ७५ वयाच्या नागरिकांना निम्मे भाडे आहे. मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांनाही निम्मे भाडे पडते. वयाचा पुरावा बरोबर ठेवावा. पुढच्या बाजूची जागा घ्यावी, मागे धक्के फार बसतात.

घाटात गाडी लागते म्हणून अनेक जण दुकानातून गोळी आणून घेतात. या गोळ्यांनी झोप येते, तोल जातो आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी तुंबू शकते. त्यांनी विचारल्याशिवाय ती घेऊ नये. पोट हलके ठेवावे, पुढे बसावे, नजर दूरच्या रस्त्यावर ठेवावी. आल्याचा तुकडा चघळल्यानेही काहींना बरे वाटते.

पोचलेल्या दिवशी काहीही पाहायला जाऊ नये. जेवावे, विश्रांती घ्यावी, संध्याकाळी नुसते किनाऱ्यावर बसावे.

समुद्रावर

कोकणातले जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून सांगतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, नऊच्या सुमारास ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे, नेमकी वेळ गावात विचारावी. पण सहल आखायला तो फार उपयोगी पडतो. त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेपासून तृतीयेपर्यंत सकाळी पावणेसात ते सव्वाआठच्या दरम्यान ओहोटी येते. म्हणजे सकाळच्या फिरण्याच्या वेळी ओली, घट्ट, रुंद वाळू मिळते. सूर्य पाठीमागून उगवत असल्याने झाडीची सावलीही असते. पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, त्यामुळे दुपारी पाणी खूप वर येते. पण दुपारी अकरा ते चार आपण खोलीतच असावे.

सैल वाळूत चालायला सपाट रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त श्रम पडतात. हृदयाचे ठोके वाढतात, गुडघे आणि घोटे दुखतात. म्हणून ओल्या घट्ट वाळूवरूनच चालावे. हातात काठी असावी. सुरुवातीला एका दिशेला दहा मिनिटे, मग परत.

मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झालेली असली तर शिंपला लागला किंवा तापलेल्या वाळूने भाजले तरी कळत नाही. मऊ बूट आणि मोजे घालावेत. रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळपाय आरशात पाहावा. खिशात ग्लुकोज किंवा साखर असावी. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटले तर बसून तीन चमचे साखर घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर तपासावी.

पाण्यात किती जावे? घोट्यापर्यंत, फार तर पिंढरीपर्यंत. लाट परतते तेव्हा पायाखालची वाळू सरकते आणि तोल जातो. तरुण माणूस सावरतो, सत्तरीतला पडतो, आणि त्या वयात खुब्याचे हाड मोडणे ही साधी गोष्ट नाही. समुद्राकडे पाठ करू नये. एकट्याने जाऊ नये. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी समुद्र धोकादायक आहे, तिथे स्नानाचा आग्रह धरू नये. खुर्ची टाकून बसलात तरी समुद्राचे सुख कमी होत नाही.

जेलीफिशचा स्पर्श झाला तर वाळूने चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चिकटलेले तंतू चिमट्याने काढावेत. पाकट माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात, पण नंतर डॉक्टरांना दाखवावेच. २०१३ साली गणेशविसर्जनाच्या वेळी मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर अनेकांना असे काटे लागले होते. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी सरकवत चालले की पाकट दूर जातो.

जेवणखाण

कोकणात जाऊन मासे खाऊ नयेत, असे मी सांगणार नाही. वाफवलेला किंवा कालवणातला ताजा मासा पचायला हलका असतो. परंतु सुकी मासळी, सुकट, पापड, लोणचे यांत मीठ फार. रक्तदाब आणि हृदयविकार असणाऱ्यांनी ते टाळावे. यूरिक ॲसिड वाढलेल्यांनी बांगडा, तारली, कोळंबी यांवर ताव मारू नये. कोकम सरबतात साखर असते, सोलकढीत मीठ. दोन्ही कमी घालून मागता येतात.

शहाळ्याचे पाणी सर्वांना चांगले, हा समज बरोबर नाही. त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी, तसेच रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे घेणाऱ्यांनी रोज शहाळे पिण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

रात्रीचे जेवण आठच्या आत आणि अर्धपोटी असावे. पाणी उकळलेले किंवा सीलबंद बाटलीचे प्यावे.

लक्षणे ओळखा

पावसानंतरच्या दिवसांत डास असतात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, हिवतापाचा रात्री. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि मच्छरदाणी लावावी. भातकापणीच्या शेतातून आणि साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाऊ नये. पायाला भेगा असतील तर त्यांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरतात. परतल्यावर महिन्याभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले किंवा लघवी कमी झाली तर डॉक्टरांना 'आम्ही कोकणात जाऊन आलो' हे आवर्जून सांगावे. रक्ताची कोणती तपासणी करायची, ते त्यावरून ठरते.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम, अचानक दम ही लक्षणे दिसली तर 'काल मासे जड झाले, पित्त झाले असेल' म्हणून सोडा पिऊन सकाळची वाट पाहू नये. ताबडतोब १०८ ला फोन करावा. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एक हात न उचलणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. इथेही मिनिटे मोलाची असतात. ज्या गावातून मोठे रुग्णालय तासाभरावर आहे, तिथे हा निर्णय शहरापेक्षा लवकर घ्यावा लागतो.

पाय सुजू लागले, दोन दिवसांत वजन दीड-दोन किलोने वाढले किंवा उशी उंच घ्यावीशी वाटू लागली, तर हृदयविकार असणाऱ्यांनी दम लागण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. गुरुजींच्या पायावर दुसऱ्या दिवशीच सूज होती. त्यांना वाटले, प्रवासाने आली असेल.

मुलांना माझे सांगणे आहे, की आईवडिलांना जाऊ द्यावे. रोज संध्याकाळी एक फोन करावा आणि "मजा आहे ना?" याच्या आधी "गोळी घेतली ना?" हे विचारावे. चार दिवस मोकळ्या हवेत, शांतपणे, एकमेकांच्या सोबतीने घालवणे हे या वयात मनाला औषधासारखेच असते.

आमचे गुरुजी पुढच्या वर्षी पुन्हा गुहागरला गेले. निघण्यापूर्वी दवाखान्यात आले, गोळीची वेळ बदलून घेतली, ती चिठ्ठीवर लिहून घेतली. खाणावळीत कमी मिठाचे जेवण सांगितले होते. परत आले तेव्हा बाईंच्या हातात माझ्यासाठी कोकमांची पुडी होती, आणि गुरुजींच्या डबीत रोजच्या पाण्याच्या गोळीची एकही शिल्लक नव्हती.